हातमोजे – एक जोडी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतला हिवाळी ट्रेकवरचा लेख वाचला. फोटो सुरेख होते. शेजारच्या चौकटीत सामानाची यादी होती, तीही काळजीपूर्वक केलेली. गॉगल कुठला घ्यायचा, बाटल्या किती, टॉर्चचे जादा सेल, सगळं होतं. पायमोज्यांना तर तीन ओळी दिल्या होत्या. आणि त्यांच्याखाली एवढंच: 'हातमोजे – एक जोडी'. त्या ओळीसाठी हे पत्र.

मी गिर्यारोहक वगैरे नाही. तळोजा एमआयडीसीतल्या मासळी निर्यातीच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं कोल्ड स्टोअर सांभाळलं. बाहेर मे महिन्याची चिकचिक आणि दाराच्या आत उणे १८ ते उणे २० अंश. कोळंबीचे, माकुलाचे खोके रचायचे, मोजायचे, कंटेनर लागला की भरून द्यायचे. हातमोज्यांचं जे काही कळतं ते त्या दाराच्या आत कळलं. निवृत्तीनंतर पुतणीच्या आग्रहाखातर गेल्या जानेवारीत केदारकंठाला जाऊन आलो आणि तिथं जे पाहिलं त्यावरून वाटलं, की आपली पोरं बर्फात जातात ती पायाची तयारी करून जातात, हाताची नाही.

केदारकंठा आता मराठी मुलांना नवा राहिलेला नाही. उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात, साडेबारा हजार फुटांचा. डेहराडूनहून जीपनं मसुरी, पुरोला, मोरी करत दिवसभरात सांक्रीला पोचायचं आणि तिथून चालायला लागायचं. आमच्या एकोणीस जणांच्या तुकडीत अकरा जण महाराष्ट्रातले होते. जूडा का तालाब गोठलेला, त्यावर उभे राहून मुलांनी महाराजांचा जयघोष केला तेव्हा देवदारांवरचा बर्फ खाली येतो की काय असं वाटलं.

सांक्रीत सामान भाड्यानं देतात. आयोजकांनी आम्हालाही दिलं. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण बहुतेकांची तऱ्हा हीच असावी. काळे, आत पॉलिस्टरचा कापूस भरलेले, पाचही बोटं वेगळी असलेले हातमोजे एका पोत्यातून निघाले. सगळ्यांना एकच माप. माझ्या वाट्याला आलेल्या जोडीत उजव्या अंगठ्याची शिवण उसवलेली होती आणि आत आधीच्या तुकडीचा ओलावा होता. मी ती परत ठेवली. माझं गाठोडं माझ्याजवळ होतं.

पुतणीनं हुशारी केली. हुशारीच म्हणायला हवी, कारण तिचा विचार चुकीचा नव्हता, हिशेब चुकला. तिच्याकडे स्कूटरवर घालायचे कातडी हातमोजे होते. त्यावर तिनं भाड्याचे चढवले. दोन जोड्या म्हणजे दुप्पट ऊब. दोन्ही एकाच मापाचे असल्यामुळे वरचे चढेनात, तर दातानं ओढून चढवले. मी पाहिलं तेव्हा टोकायला हवं होतं. पण रात्रीचे तीन वाजलेले, सगळे घाईत, आणि म्हाताऱ्या काकानं प्रत्येक गोष्टीत नाक खुपसू नये असं मीच ठरवून आलो होतो.

पहाटे साडेपाचच्या सुमारास शेवटच्या चढाआधीच्या धारेवर थांबलो. गाईडच्या सॅकला लटकवलेल्या थर्मामीटरवर उणे ११. आमच्या हिशेबानं उणे ११ म्हणजे दार उघडं राहिलेलं कोल्ड स्टोअर. पण तिथं वारा होता. कारखान्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट हीच असते, की ब्लोअरसमोर उभं राहायचं नाही. थर्मामीटर तोच आकडा दाखवतो, पण पंख्यासमोर गालाची कातडी वेगळंच सांगते. शरीराभोवती तापलेल्या हवेचा पातळ थर असतो, तो वारा उडवून नेतो. उणे १० आणि ताशी ३० किलोमीटरचा वारा असला तर उघड्या कातडीला ते उणे २०च्या आसपास वाटतं. धारेवर सबंध डोंगरच ब्लोअरसमोर उभा होता.

पुतणी चॉकलेटचं वेष्टन फाडायला गेली आणि तिला ते जमेना. आधी हसली. मग म्हणाली, "काका, बोटं आहेत का बघ ना." मोजे ओढून काढले. ते निघतानाही झगडावं लागलं. डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका टोकाशी पांढरी, मेणबत्तीसारखी. मी दाबून पाहिलं तर तिला कळलंच नाही.

गाईड सांक्रीकडचाच विशीतला मुलगा. त्यानं बोटं चोळली नाहीत, स्टोव्ह पेटवला नाही. तिच्या जॅकेटची चेन उघडली, तिचे हात तिच्याच काखेत घालायला लावले, चेन परत लावली आणि तिला वाऱ्याकडे पाठ करून उभं केलं. पंधराएक मिनिटांत आधी मुंग्या, मग ठणका. ठणका लागला तेव्हा ती रडली आणि गाईड हसला, कारण ठणका म्हणजे रक्त परत आलं. बोटं गुलाबी झाली. आत गोठण्यापर्यंत गेलं नव्हतं, वरवरचाच मार होता. तसं झालं असतं, बोट टणक लागलं असतं, तर तिथून थेट खाली उतरणं आणि डॉक्टर. ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बोटं धरायची, तीही पुन्हा गोठणार नाहीत अशा ठिकाणी पोचल्यावरच. शेकोटीवर कधीच नाही, कारण बधिर बोटाला चटका कळत नाही.

मग तिच्या हातात काय घालायचं? ते दोन जोड आता ओले होते. मी सॅकमधून माझे जादा लोकरी पायमोजे काढले, तिच्या हातांवर कोपरापर्यंत चढवले आणि वरून माझ्या रेनकोटच्या कापडाच्या पिशव्या. तशीच ती माथ्यावर गेली. फोटोत तिच्या हातांच्या जागी दोन निळी बोचकी दिसतात. तिनं तो फोटो कुठंही टाकलेला नाही.

या गोष्टीतली खरी चूक कुठं होती, ते जरा सविस्तर लिहितो, कारण 'दोन जोड्या न्या' एवढंच छापलं तर उद्या आणखी पुतण्या दातानं मोजे ओढतील.

ऊब कापडात नसते, कापडात अडकलेल्या हवेत असते. गोधडी शिवणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. मोज्यावर घट्ट मोजा चढवला की आतला कापूस दबतो, हवा निघून जाते आणि राहतं नुसतं कापड. दुसरं त्याहून वाईट. बोटांत स्नायू जवळपास नाहीतच. बोटं हलवणारे मोठे स्नायू कोपराखाली आहेत. म्हणजे बोट स्वतःची ऊब स्वतः तयार करत नाही, रक्त आणून देईल तेवढीच. आणि थंडीत शरीर पहिली काटछाट तिथंच करतं, काळीज-फुप्फुसं सांभाळायची म्हणून हातापायांचा पुरवठा आखडतं. त्यात आपण वरून आवळलं तर उरलासुरला नळही बंद. आमचे मुकादम नव्या लोडरच्या मोज्यात स्वतःची करंगळी घालून बघायचे. गेली नाही तर मोजा बदला, नाहीतर बाहेर व्हा.

म्हणून दोन नव्हे, तीन, आणि प्रत्येक वरचा आधीच्यापेक्षा ढगळ.

सगळ्यात आत पातळ मोजा, लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा. सुती नको. सूत घाम पितं आणि धरून बसतं, आणि ओलं कापड कोरड्यापेक्षा कितीतरी पटीनं ऊब ओढून नेतं. लोकर थोडी ओलसर झाली तरी पार हात सोडत नाही. या पातळ मोज्याचं खरं काम ऊब देणं नाहीच. बुटाच्या नाड्या, बुटाखाली लावायचे काटे, कॅमेऱ्याचं बटण, बाटलीचं झाकण या कामांसाठी वरचे मोजे काढावेच लागतात, तेव्हा कातडी उघडी पडू नये म्हणून तो. उघड्या बोटानं थंड धातू धरून पाहा, काय म्हणतो ते कळेल. आमच्याकडे पॅलेट ट्रकचा दांडा उघड्या हातानं धरणाऱ्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे.

त्यावर जाड लोकरीचा किंवा फ्लीसचा मोजा, आणि हा बोटांचा नसावा. इंग्रजीत ज्याला मिटन म्हणतात तो, अंगठा वेगळा आणि चार बोटांना मिळून एक पिशवी. आपल्याकडे मोठ्या माणसाच्या अशा मोज्याला शब्दच नाही, कारण आपल्याला कधी गरज पडली नाही. आमचे लोडर नुसतं 'पिशवी' म्हणायचे. पण वस्तू आपल्या ओळखीची आहे. बाळंतविड्यात झबलं, टोपडं, दुपटं यांच्याबरोबर जे चिमुकले हातमोजे येतात, बोटं नसलेले, मनगटाशी नाडी आणि गोंडा, तेच हे. बाळानं ओरबाडून घेऊ नये म्हणून ते घालतात, पण थंडीलाही तीच युक्ती लागू पडते. चार भावंडं एका गोधडीत झोपली की पहाटेपर्यंत ऊब टिकते. चौघांना चार शाली दिल्या की चौघंही कुडकुडतात. बोटांचंही तसंच. पाच बोटांचा मोजा म्हणजे प्रत्येक बोटाला चहूबाजूंनी वारा. पिशवीत ती एकमेकांना चिकटून असतात. अंगठा तेवढा वेगळा बसतो, पण फारच गारठला तर त्यालाही आत ओढून मूठ वळता येते.

सगळ्यात वर आवरण. ऊब देण्याचा त्याला अधिकार नाही, फक्त वारा आणि ओलावा अडवायचा. रेनकोटच्या कापडाचं, आत काही न भरलेलं, कोपराकडे लांब जाणारं, जॅकेटच्या बाहीवर ओढून नाडीनं आवळता येईल असं. मनगटाला थंडी लागली की सगळा हात गार पडतो, कारण तिथं रक्तवाहिनी कातडीच्या अगदी खाली आहे. डॉक्टर नाडी बघतात ती तिथंच. बाही आणि मोजा यांच्यात दोन बोटांची फट राहिली तर महागडा मोजाही फुकट. यावर माझा घरगुती तोडगा: जुन्या लोकरी पायमोज्याची चवड्याची बाजू कापून टाकायची, टाचेच्या जागी अंगठ्यापुरतं भोक पाडायचं आणि नळी मनगटावर चढवायची.

काही जण सगळ्यात आत डॉक्टरी रबरी मोजा घालतात, म्हणजे घाम बाहेरच्या लोकरीत जात नाही. चालतं ते. पण कोळंबी सोलणाऱ्या बायकांचे रबरी मोज्यांतून पाळीअखेर निघालेले पांढरे, सुरकुतलेले हात मी वर्षानुवर्षं पाहिलेत. मला ते नको वाटतं.

घामाचा विषय निघाला म्हणून एक कारखान्याची गोष्ट. पावसाळ्यात आमचे मोजे जास्त छळायचे, आणि ते आतल्या थंडीमुळे नव्हे, बाहेरच्या दमट हवेमुळे. उणे २०मधून मोजा बाहेर आणला की तळोज्याच्या जुलैच्या हवेतलं पाणी त्यावर पाच मिनिटांत जमा व्हायचं, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर जमतं तसं. तोच घालून परत आत गेलं की पापडासारखा कडक. म्हणून प्रत्येकाच्या दोन जोड्या, एक हातात आणि एक सुकायला, आणि ओली जोडी आत नेणाऱ्याला मुकादमांच्या शिव्या. डोंगरात दमट हवा नसते पण चढाचा घाम असतो. चढाला लागताना हात ऊबदार वाटले की लगेच वरचे दोन थर काढून जॅकेटच्या आत, छातीशी ठेवायचे; सॅकच्या वरच्या जाळीत नाही. थांबायच्या आधी, थंडी वाजायच्या आधी, परत घालायचे. गारठलेल्या हातावर मोजा चढवला तर तो गारवाच सांभाळतो. रात्री ओलसर मोजे तंबूच्या दोरीवर टाकू नयेत, सकाळी लाकूड मिळेल. स्लीपिंग बॅगमध्ये आपल्याबरोबर झोपवावेत. वास येतो, मान्य.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर आमची मंडळी हसली. माझ्या आवरणांना लांब नाडी होती, एका बाहीतून पाठीमागून दुसऱ्या बाहीत गेलेली. काढले तरी मोजे मनगटाशी लोंबतात. "काका, अंगणवाडीत निघालात का?" असं एकानं विचारलंही. माथ्यावर साताऱ्याकडच्या एका मुलानं भगवा नीट धरता यावा म्हणून उजवा मोजा काढून काखेत धरला. झेंडा वर गेला, काख सुटली आणि मोजा बर्फावरून घसरत गेला. पंधरा-वीस फूट आम्हाला दिसत होता, मग दिसेनासा झाला. त्याचे मित्र अजून फोटो काढत होते.

मला तेव्हा फ्रेंच गिर्यारोहक मॉरिस हेरझॉगची आठवण झाली. ३ जून १९५० रोजी तो आणि लुई लाशनाल अन्नपूर्णेवर, ८०९१ मीटरवर पोचले. आठ हजार मीटरवरचं शिखर माणसानं पहिल्यांदाच गाठलं होतं. उतरताना सॅक उघडायला म्हणून हेरझॉगनं हातमोजे काढून ठेवले आणि ते उतारावरून घरंगळत गेले. सॅकमध्ये जादा पायमोजे होते. ते हातात घालता येतील हे त्या उंचीवर, त्या थकव्यात त्याला सुचलंच नाही. हाताची बहुतेक बोटं गेली, पायाची सगळी. एवढा मोठा गिर्यारोहक! हे मी तरुणपणी वाचलं होतं आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात पायमोजे आणि हातमोजे एकाच कप्प्यात आहेत. पुतणीच्या हाताला माझे पायमोजे सुचले ते माझ्या अकलेनं नाही, त्याच्या बोटांच्या किमतीवर. साताऱ्याच्या मुलालाही हातात घालायला पायमोजेच मिळाले, आमच्या गाईडच्या सॅकमधून.

हे सगळं सह्याद्रीसाठी नाही, हेही लिहायला हवं, नाहीतर उद्या कळसूबाईच्या पायथ्याला ध्रुवावर निघाल्यासारखी माणसं दिसतील. जानेवारीत हरिश्चंद्रगडावर मुक्काम करायचा तर पातळ मोजा आणि एक लोकरी जोड पुष्कळ झाली. पण केदारकंठा, ब्रह्मताल आणि त्यापुढं लडाखात गोठलेल्या झांस्कर नदीवरचा चादर ट्रेक, जिथं रात्री पारा उणे २५च्याही खाली जातो, तिथं 'एक जोडी' हा शब्द चालायचा नाही.

खर्चाची भीती नको. आतला पातळ मोजा मी परळला स्वेटर विकायला बसणाऱ्या तिबेटी बाईंकडून घेतला. मधली लोकरी पिशवी घरी विणली गेली. आवरण शिवून घेतलं. दुकानातून घेणार असाल तर तिन्ही थर एकदम चढवून बघा, सुटेसुटे नाही, आणि मूठ वळून बघा. बोटांच्या टोकाशी थोडी जागा उरली पाहिजे, मूठ वळताना सांध्यांवर ताण येता कामा नये. जॅकेटच्या आणि सॅकच्या चेनच्या खिट्ट्यांना नाडीचे फास बांधा, म्हणजे पिशवीतल्या हातानंही ओढता येतात.

आणि घरच्या घरी परीक्षा होते. घरचा डीप फ्रीझर साधारण आमच्या कोल्ड स्टोअरइतकाच, उणे १८ अंशांचा असतो. मोजे चढवून गोठलेल्या मटाराची पिशवी दहा मिनिटं मुठीत धरा, मग वरचे दोन थर काढून बुटाची नाडी बांधा. नाडी बांधता आली तर निघा. मी हे करत होतो तेव्हा सौ. नं विचारलं, "मटार आज करायचेत की हिमालयात न्यायचेत?" तिचा प्रश्न रास्त होता, पण परीक्षा उपयोगी आहे.

तरी संपादक महोदय, विनंती एवढीच. पुढच्या वेळी ती यादी छापाल तेव्हा त्या ओळीच्या जागी असं छापावं: 'हातमोजे – पातळ २ जोड्या, त्यावर लोकरी, बोटं नसलेले, सैल, त्यावर पावसाळी कापडाचं आवरण, नाडीसह. जादा लोकरी पायमोजे सॅकच्या वरच्या कप्प्यात.' चौकटीत जागा कमी पडत असेल तर सनस्क्रीनची एक ओळ कमी करावी.

आपला,
एक निवृत्त कोल्ड स्टोअर ऑपरेटर, पनवेल
(नाव-पत्ता आपल्याकडे कळवला आहे.)

ता. क. पुतणी येत्या डिसेंबरात ब्रह्मतालला जाते आहे. परवा तिची आवरणं शिवून घ्यायला आमच्या शिंप्याकडे गेलो. कागदावर काढलेला आकार, अंगठा, नाडी, सगळं समजावून सांगितलं. त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला, गालात हसला आणि विचारलं, "काका, बाळ केवढं आहे?" एकतीस वर्षांचं, म्हटलं. मापं घे.